दोन धातूंमधली हवा

कॉम्प्युटर जोडताना प्रोसेसर सॉकेटमध्ये बसला की थर्मल पेस्टची पाळी येते आणि तिथे वादाला तोंड फुटतं. ठिपका मधोमध द्यायचा, फुली मारायची की जुन्या एटीएम कार्डाने पसरवायची? ही पेस्ट मुळात करते काय, हे एकदा कळलं की यातले निम्मे वाद आपोआप मिटतात.

प्रोसेसरचं झाकण निकेलचा मुलामा दिलेल्या तांब्याचं असतं. त्यावर बसतो कूलर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा, सहसा पंखा लावलेला धातूचा ठोकळा; त्याचा तळ तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा. पेस्ट लागते ती या दोघांच्या मध्ये. नुसत्या डोळ्यांना दोन्ही गुळगुळीत दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र चरे आणि उंचवटे दिसू लागतात. असे दोन पृष्ठभाग कितीही घट्ट दाबले तरी मोजक्याच ठिकाणी एकमेकांना टेकतात. उरलेल्या फटींत हवा अडकते आणि उष्णतेची वाट अडते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे 400 वॅट प्रति मीटर केल्व्हिन, हवेची 0.026. बाजारातल्या बऱ्याच पेस्टांची 4 ते 10 च्या घरात. म्हणजे तांब्यापुढे पेस्ट अगदीच सुमार, पण हवेपेक्षा शेकडो पटींनी सरस. तिचं खरं काम फटींतली हवा हुसकावून ती जागा घेणं, एवढंच.

एक ढोबळ हिशोब करून पाहू. झाकण 4 बाय 4 सेंटिमीटरचं, त्यातून 100 वॅट उष्णता बाहेर पडायची आहे. मध्ये 0.05 मिलिमीटर जाडीचा सलग हवेचा थर असेल, तर दोन बाजूंच्या तापमानात सुमारे 120 अंशांचा फरक पडेल. त्याच जागी 5 वाहकतेची पेस्ट भरली तर जेमतेम 0.6 अंश. प्रत्यक्षात चित्र इतकं टोकाचं नसतं, कारण धातू काही ठिकाणी टेकलेला असतो आणि उष्णताही झाकणभर सारखी पसरत नाही. ती येते झाकणाखालच्या नखाएवढ्या चिपमधून. 100 वॅट ऐकायला किरकोळ वाटतात, पण दर चौरस सेंटिमीटरला हिशोब केला तर ही चिप कपड्यांच्या इस्त्रीच्या सुमारे दहापट उष्णता टाकते.

मग पेस्ट जास्त झाली तर? अर्ध्या मिलिमीटरचा थर तसाच राहिला, तर वरच्याच हिशोबाने फरक 6 अंशांवर जातो. पण स्क्रू आवळले की जादा पेस्ट कडेने बाहेर येते. पेस्ट वीजवाहक नसेल तर यात पसाऱ्यापलीकडे नुकसान नाही. कमी पेस्ट मात्र महागात पडते, कारण नेमका चिपच्या वरचाच भाग कोरडा राहू शकतो. म्हणून मधोमध वाटाण्याएवढा ठिपका द्यावा, झाकण मोठं किंवा लांबट असेल तर थोडी जास्त, आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतले स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळावेत. पसरवण्याचं काम दाबावर सोडलेलं बरं. कार्डाने सारवताना हवेचे बुडबुडे आत अडकू शकतात.

पेस्ट म्हणजे सहसा सिलिकॉन तेलात कालवलेली झिंक ऑक्साइड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड. तेल फटींत शिरतं, पूड उष्णता वाहते. कॉम्प्युटर रोज तापतो, निवतो; धातू प्रसरण-आकुंचन पावतात आणि पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते, सुकते. मग कूलर काढून जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि नवी लावावी. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरांसाठीच्या एएम4 सॉकेटवर इथे जपावं लागतं. पेस्ट घट्ट चिकटलेली असली तर कूलर सरळ वर ओढताच प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येऊ शकतो आणि त्याच्या पिना वाकू शकतात. आधी मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट करावी, मग बंद करून, वायर काढून, कूलर डावीउजवीकडे हलकेच फिरवत सोडवावा.

गॅलियमच्या मिश्रधातूचा ‘लिक्विड मेटल’ पेस्टपेक्षा कितीतरी चांगला वाहक असतो. 2020 च्या प्लेस्टेशन 5 मध्ये तोच वापरला आहे. पण तो वीज वाहतो आणि ॲल्युमिनियम खातो, त्यामुळे नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

साधा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. 22 अंशांच्या खोलीत घेतलेल्या चाचण्यांतले प्रोसेसरच्या तापमानाचे आकडे मे महिन्यातल्या नागपुरात, 38 अंशांच्या खोलीत, साधारण 16 अंशांनी वर सरकतात. चांगल्या पेस्टांमधला आपसातला फरक सहसा दोन-चार अंशांचाच असतो. तेव्हा महागडी ट्यूब घेण्याआधी कूलरच्या तळाला चिकटवलेलं पारदर्शक प्लॅस्टिक काढलं आहे ना, ते पाहा.