गिऱ्हाईक राखणे

एकदा आलेला खरेदीदार पुन्हा, आणि पुढे लेकीसुनांना घेऊन, त्याच दुकानात यावा यासाठी किरकोळ दुकानदार करतो ती खटपट. व्यापारशास्त्रात हिला ग्राहकनिष्ठा जपणे म्हणतात. सोलापूरच्या पेठांत मात्र ‘गिऱ्हाईक लागलं’ आणि ‘गिऱ्हाईक तुटलं’ एवढ्यावर भागते.

या शहरात पहिली पायरी भाषेची. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू-दखनी बोलणारी माणसे एकाच काउंटरपुढे उभी असतात, ‘किती?’, ‘एष्टु?’ आणि ‘एंता?’ हे तिन्ही प्रश्न ज्याला कळतात त्याच्याकडे विजापूर-कलबुर्गीकडचे गिऱ्हाईकही टिकते. नीट बोलता आले नाही तरी चालते, आकडे आले पाहिजेत.

खरी परीक्षा लग्नाच्या बस्त्याला होते. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी, करवल्या, लहान पोरे असा दहा-पंधरा जणांचा गोतावळा गादीवर येऊन बसतो. नवरीचा शालू, विहिणीची साडी, मानपानाच्या आणि आहेराच्या साड्या असा क्रम ठरलेला. शालूवरच दोन तास जातात. समोर साड्यांचा ढीग पडतो आणि शेवटी पहिलीच पसंत पडते. या वेळी सेल्समनच्या कपाळावर आठी दिसली की बस्ता शेजारच्या दुकानात गेला म्हणून समजावे. चहा, पोरांना बिस्किटे, म्हाताऱ्यांना टेकायला लोड, हा सगळा खर्च हिशेबात धरलेलाच असतो. पण त्याहून मोठी सोय लग्नानंतरची : उरलेल्या आहेराच्या साड्या घडी मोडली नसेल तर बदलून देणे. हे हसतमुखाने करणाऱ्या दुकानात त्याच घरातला पुढचा बस्ताही निघतो.

सोलापुरी चादरीच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. अस्सल चादर सुती असते, जॅकार्ड मागावर, म्हणजे विणतानाच नक्षी उमटवणाऱ्या मागावर, विणलेली. नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, रंग मात्र उलटे. तिला 2005-06 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव त्या भागातल्याच मालाला राखून ठेवणारी कायदेशीर नोंद, मिळाले. तरी मिश्र धाग्याचा किंवा बाहेरगावचा माल त्याच नावाने विकला जातो. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरला जाताना थांबलेला यात्रेकरू परत येईलच असे नाही, म्हणून फसवणुकीचा मोह तिथेच जास्त. चांगला दुकानदार चादर उलटून दाखवतो, धागा सांगतो आणि पहिली धुणी वेगळी करा, गडद रंग सुटतो, हे विकण्याआधीच बजावतो. शेंगा चटणीवाल्याचे काम सोपे. तो चिमूटभर चटणी तळहातावर ठेवतो आणि गप्प बसतो.

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी गिऱ्हाईक तोडण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणता येईल. ती कायद्यालाही धरून नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 (अंमल जुलै 2020 पासून) बिल न देणे आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणे या दोन्हींना अनुचित व्यापारी प्रथा ठरवतो. बिलावर माल परत करण्याची मुदत छापलेली नसेल तर ती 30 दिवसांची धरली जाते. तक्रारीसाठी 1915 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. अर्थात बहुतेक गिऱ्हाइके तक्रार करत नाहीत. ती नुसती यायची थांबतात, आणि दुकानदाराला कारण कधीच कळत नाही.

किराण्यात गिऱ्हाईक राखण्याचे काम उधारीच्या वहीने केले. विडी वळणाऱ्या बाया आणि यंत्रमाग कामगार यांच्या घरी आठवड्याच्या हिशेबाने पैसा येतो, त्यामुळे मधल्या दिवसांचे तेल-तांदूळ वहीवर. वहीत गिऱ्हाईक बांधले जाते तसे अडकतेही. भाव चढा लावला तरी थकबाकी असेपर्यंत त्याला दुसरीकडे जाता येत नाही. त्याला निष्ठा म्हणणे अवघड आहे.

मोठ्या दालनांनी वहीची जागा मोबाईल नंबर आणि पॉइंटना दिली. कापडाच्या दुकानात मात्र अजून गिऱ्हाईक आत शिरताच एखाद्या जुन्या सेल्समनचे नाव घेऊन विचारते, ‘हायेत का?’ तो दुसऱ्या दुकानी गेल्याचे कळले की चप्पल पुन्हा पायात सरकवून त्या दुकानाचा पत्ता विचारते.