गड्ड्यात हरवलेला इलेक्ट्रॉन

संक्रांतीला आमच्या गल्लीतली एक मुलगी दोन दिवसांसाठी पुण्याहून सोलापूरला आली. माझी जुनी विद्यार्थिनी. फिजिक्समध्ये एम.एस्सी. करून गेल्या ऑगस्टपासून ती खगोलभौतिकीत पीएच.डी. करते आहे. रात्री हुतात्मा एक्स्प्रेसनं उतरली आणि सकाळी चहाच्या आधीच आजीनं विचारलं, "काय गं, दुर्बीण दावली का न्हाई अजून?" शेजारचे काका तर पत्रिकाच घेऊन आले. साडेसाती कधी सुटणार तेवढं सांग, म्हणाले.

काकांचं आधी सांगून टाकतो. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. त्यामुळे बारा राशींपैकी एकेकीत तो सुमारे अडीच वर्षं दिसतो, आणि तीन राशींची मिळून साडेसात वर्षं होतात. त्या शब्दातलं खगोलशास्त्र इथं संपतं. पुढचा सगळा भीतीचा धंदा आहे, आणि शिकलेली माणसं त्याला पैसे मोजतात याचं मला फार वाईट वाटतं.

आता आजीचा प्रश्न. पाच महिन्यांत या मुलीनं दुर्बिणीला हात लावलेला नाही, आणि त्यात काही चुकलेलंही नाही. आपल्याकडे पीएच.डी.ला कोर्सवर्क सक्तीचं असतं; यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांनुसार किमान १२ क्रेडिटचं. खगोलभौतिकीत मात्र ते त्याहून बरंच जड असतं. पुण्यात आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या दोन संशोधन संस्था मिळून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे वर्ग घेतात. दोन सेमिस्टर, रोज लेक्चर, दर आठवड्याला असाइनमेंट, वर परीक्षा. गणिती पद्धती, विद्युतगतिकी, क्वांटम आणि स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स, मग तारे, दीर्घिका, विश्वरचना. नक्षत्रं ओळखता येतात का, हे प्रवेशाच्या वेळी कुणी विचारत नाही. नेट किंवा जेस्टसारख्या परीक्षेत फिजिक्स किती पक्कं आहे ते पाहतात. (पालक नेहमी विचारतात म्हणून सांगतो: यूजीसीची जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, २०२३पासून महिना ३७,००० रुपये आहे.)

तिची वही मी चाळली. मधल्या एका पानावर पेनानं दोनदा चौकट केलेलं एक समीकरण होतं. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांचं; कोणत्या तापमानाला किती अणूंचा इलेक्ट्रॉन सुटलेला असेल ते सांगणारं. पुढचा तासभर मी काही तिला सोडलं नाही.

हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. तापमानाच्या भाषेत सरळ बदललं तर ती १,५८,००० केल्विन होते. मग वाटतं, तेवढी उष्णता असल्याशिवाय अणू फुटणार नाहीत, म्हणजे त्यांतून इलेक्ट्रॉन सुटणार नाहीत. प्रत्यक्षात ताऱ्याच्या पृष्ठभागावर ९,६०० केल्विनलाच निम्मे अणू फुटलेले असतात. असं का?

सोलापूरच्या होम मैदानावर संक्रांतीचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरलेला डोळ्यांपुढे आणा. आईचं बोट धरून उभं राहायला पोराला जागा एकच. बोट सुटलं, की पाळण्यापाशी, भेळेच्या गाडीपाशी, फुगेवाल्यामागे, कुठंही. बोट सुटणं अवघड असेलही. पण एकदा सुटल्यावर ते पोर नेमकं आईपाशीच उभं सापडेल ही शक्यता किती? मैदान जितकं मोठं, तितकी ती कमी.

इलेक्ट्रॉनचं अगदी हेच होतं, आणि इथं आकडे बघण्यासारखे आहेत. ९,६०० केल्विनला १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट एका जागी जमण्याचा बोल्ट्झमन गुणक, म्हणजे ढोबळमानानं तशी शक्यता, येतो सुमारे दीड कोटीत एक. ताऱ्याच्या वातावरणातला वायू फार विरळ. तिथं एकेका इलेक्ट्रॉनच्या वाट्याला सुटं राहण्याच्या क्वांटम अवस्था येतात सुमारे दीड कोटी. एका पारड्यात ऊर्जेची टंचाई, दुसऱ्यात जागांची चंगळ, आणि काटा बरोबर मध्ये. दाब कमी केला की जागा वाढतात आणि अणू आणखी कमी तापमानाला फुटतात. साहांनी हे १९२०मध्ये मांडलं. ते मूळचे गणिताचे. कोलकात्यात एम.एस्सी.च्या मुलांना उष्मागतिकी शिकवायची म्हणून आधी स्वतः शिकले, आणि त्या शिकवण्यातूनच हे समीकरण निघालं.

यातून सूर्याचा एक जुना गुंता सुटला. त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटात, म्हणजे रंगांच्या पट्ट्यात, अणूंनी प्रकाश शोषला तिथं गडद रेषा दिसतात; त्यांत कॅल्शियमच्या रेषा हायड्रोजनच्या रेषांहून ठळक का? दृश्य प्रकाशातल्या हायड्रोजनच्या रेषा उमटायला इलेक्ट्रॉन अणूतल्या ऊर्जेच्या दुसऱ्या पातळीवर बसलेला लागतो. सूर्याच्या ५,८०० केल्विनला असे अणू वीस कोटींत एक. उलट कॅल्शियमचे अणू दहा लाख हायड्रोजनमागे जेमतेम दोन. पण त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाचा एक इलेक्ट्रॉन गेलेला, आणि तो आयन (इलेक्ट्रॉन गमावलेला अणू) तळाच्या पातळीवरूनच प्रकाश शोषतो. हिशेब केला तर शोषायला तयार असलेले कॅल्शियमचे आयन हायड्रोजनच्या चारशे पट भरतात. म्हणून सूर्याच्या वर्णपटात कॅल्शियमच्या रेषा ठळक, हायड्रोजनच्या फिक्या. रेषेची जाडी बघून मालाचा साठा ठरवला की फसगत होते, आणि सूर्य पृथ्वीसारख्याच घटकांचा बनलेला आहे असं मोठमोठे लोक धरून चालले होते.

हार्वर्डमध्ये सिसिलिया पेन या पंचवीस वर्षांच्या मुलीनं साहांचं समीकरण घेतलं, वेधशाळेतल्या काचेच्या प्लेटांवरचे वर्णपट घेतले आणि १९२५च्या पीएच.डी. प्रबंधात हिशेब मांडला: तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत. हेन्री नॉरिस रसेल या खगोलशास्त्रातल्या दिग्गजाला ते पटलं नाही. त्यांच्या सांगण्यावरून तिला प्रबंधात हा निष्कर्ष जवळजवळ नक्कीच खरा नाही असं लिहावं लागलं. चार वर्षांनी रसेल स्वतःच्या वेगळ्या वाटेनं त्याच उत्तराशी येऊन पोचले. हे वाचलं की अजून माझा जीव तळमळतो. आकडे तिच्या वहीत होते.

दुसऱ्या सेमिस्टरला निरीक्षणाची तंत्रं आहेत. पुढंमागं गिरवलीची दोन मीटरची दुर्बीण, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना, हेही येईल. आजीला तेवढा धीर नव्हता. रात्री नातीनं तिला गच्चीवर नेलं आणि आग्नेयेला लखलखणारा व्याध तारा दाखवला. पृष्ठभाग जवळपास दहा हजार केल्विन. "आजी, तिथंपण गड्डा भरलाय. कितीतरी इलेक्ट्रॉन बोट सोडून हरवलेत."

"मग घावत्यात का न्हाई?"

"घावतात की. पण एक घावेपर्यंत दुसरा सुटलेला असतो."