दोन तांदळाच्या दाण्यांएवढी धूळ

घरच्या सुतारकामासाठी डस्ट कलेक्टर, म्हणजे लाकडाचा भुसा आणि धूळ ओढून घेणारं यंत्र, बघायला गेलं की दुकानदार आधी मोटरचा एचपी सांगतो. मग पिशवी किती मोठी ते सांगतो. मीही तेवढंच ऐकून माझं पहिलं यंत्र घरी आणलं होतं. फरशी चकाचक झाली; सागाचा भुसा, रंध्याच्या ढलप्या, सगळं त्याच्या पोटात गेलं. पण दुपारी खिडकीतून कवडसा आला तेव्हा बघतो तर कापडी पिशवीच्या चारही बाजूंनी उदबत्तीच्या धुरासारखं काहीतरी बाहेर येत होतं. यंत्र बंद केलं की थांबायचं, चालू केलं की पुन्हा सुरू.

पिठाच्या गिरणीत पीठ पडतं तिथे एक कापडी बाही बांधलेली असते. हवा कापडातून निसटते, पीठ डब्यात पडतं. तरी गिरणीवाल्याच्या भुवया पांढऱ्या असतातच. स्वस्त कलेक्टरची पिशवी म्हणजे हीच बाही. तिची वीण बऱ्याचदा 30 मायक्रॉनची असते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड, म्हणजे ऐकायला हे बारीक वाटतं. पण फुप्फुसात खोलवर पोचणारे कण 10 मायक्रॉनहून, त्यातही मुख्यतः 4-5 मायक्रॉनहून लहान असतात. असे कण नवीन पिशवीतून आरामात पार होतात. जमिनीवर निवांत पडलेली धूळ उचलून नाकाच्या उंचीवर फवारायचं काम मग यंत्रच करतं.

हे कण खाली बसायला किती वेळ घेतात, याचा हिशेब करण्यासारखा आहे. अगदी स्थिर हवेत दीड मीटर उंचीवरून 100 मायक्रॉनचा कण पाच-सहा सेकंदांत खाली येतो. 10 मायक्रॉनच्या कणाला आठेक मिनिटं लागतात. अडीच मायक्रॉनचा कण दोन तासांहून जास्त वेळ तरंगतो, आणि पंखा चालू असेल तर त्याहूनही जास्त.

अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या ‘नायॉश’ या सरकारी संस्थेची शिफारस आहे की, कामाच्या ठिकाणी हवेत लाकडाची धूळ घनमीटरला 1 मिलीग्रॅमच्या वर नसावी. 10 बाय 12 ची, 10 फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात सुमारे 34 घनमीटर हवा मावते. म्हणजे 34 मिलीग्रॅम धूळ तरंगली की मर्यादा गाठली. तांदळाच्या दोन दाण्यांचं वजन साधारण एवढंच भरतं. सँडरने, म्हणजे पॉलिश पेपरच्या फिरत्या चकतीच्या यंत्राने, टेबलाचा एक फळा घासला की किती पूड निघते ते आठवा, म्हणजे या दोन दाण्यांची किंमत कळेल.

1960 च्या दशकात इंग्लंडमधल्या हाय विकम या फर्निचरच्या गावात एस्मे हॅडफिल्ड या कान-नाक-घशाच्या सर्जनला नाकाच्या एका दुर्मिळ कर्करोगाचे रुग्ण वारंवार दिसू लागले. बहुतेक जण लाकूडकाम करणारे होते. पुढे 1995 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करते हे सिद्ध झालेल्या गोष्टींमध्ये टाकली. ते रुग्ण वर्षानुवर्षं दिवसभर त्या धुळीत काम करणारे होते. रविवारी स्टूल बनवणाऱ्याने घाबरून हत्यारं विकायची गरज नाही. त्याला आधी भेटेल ती ॲलर्जी. साग आणि शिसव ही आपली लाडकी लाकडं, पण दोन्हींमध्ये त्वचेला खाज आणणारी रसायनं असतात. एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्यांची, पूड तर मैद्यासारखी बारीक असते, वर तिच्यात फॉर्मल्डिहाइडवाला डिंक असतो.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न फिल्टरचा विचारावा, आणि दुसरा हवेचा. विहिरीवर मोटर बसवणारा शेतकरी नुसता एचपी बघत नाही. हेड किती, म्हणजे पाणी किती उंच चढेल, आणि डिस्चार्ज किती, म्हणजे किती पाणी पडेल, ते विचारतो. इथेही तेच आहे: हेड म्हणजे ओढीचा जोर, डिस्चार्ज म्हणजे मिनिटाला ओढलेली हवा. वर्कशॉपच्या व्हॅक्यूम क्लीनरचं हेड दांडगं असतं, पाण्याच्या स्तंभात मोजलं तर दीड-दोन मीटर. पण मिनिटाला हवा येते जेमतेम 100 घनफूट. डस्ट कलेक्टरचं नेमकं उलटं. हेड वीत-दीड वीत, हवा मात्र कित्येक पट. त्याला बारीक पाईप जोडला तर तो हतबल होतो. तेवढीच हवा 6 इंचीऐवजी 4 इंची पाईपमधून न्यायची तर अडथळा साडेसात पट वाढतो, आणि वळ्यांचा लवचिक पाईप असेल तर आणखी. खोक्यावर छापलेला सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा त्याचा, आकडा बहुधा पाईप आणि फिल्टर न लावता मोजलेला असतो. तो मी पुस्तकी मायलेजसारखा वाचतो.

बाकी सगळा खेळ तोंडाशी आहे. चुलीवर फुंकणीने हातभर लांबून जाळ फुलवता येतो. त्याच फुंकणीने धूर ओढून घ्यायचा प्रयत्न करून पाहा. फुंकलेली हवा झोत धरून पुढे जाते, ओढलेली हवा मात्र चहूबाजूंनी गोळा होते. त्यामुळे 4 इंची पाईपच्या तोंडापासून फक्त 4 इंच लांब गेलं की ओढीचा वेग दहा टक्क्यांच्याही खाली येतो. उलट टेबल सॉचं, म्हणजे टेबलात बसवलेल्या गोल करवतीचं, 10 इंची पातं मिनिटाला 4000 फेरे घेत असेल तर त्याचे दाते ताशी 190 किलोमीटरने धावतात, आणि पाईपमधली हवा ताशी 70-75 किलोमीटरने. पात्यावरून उडालेली धूळ नंतर पाठलाग करून पकडता येत नाही. पात्याखाली बंद पेटी आणि वर झाकण असेल, तरच कलेक्टरला काही हाती लागतं.

सँडरची गोष्ट वेगळी. त्याची धूळ चकतीच्या भोकांतूनच ओढली जाते, म्हणून तिथे 100 घनफूट हवा पुरते. घरच्या हौशी कामात सँडर, राऊटर, जिगसॉ हीच हत्यारं जास्त चालतात. अशा माणसाने मोठा कलेक्टर घेऊच नये असं माझं मत आहे. हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणाऱ्या फिल्टरचा, व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा आणि त्याच्या आधी झाकणाच्या बादलीवर बसणारा छोटा सायक्लोन लावावा. सायक्लोनमध्ये हवा गरगर फिरते. 10 सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर ती सेकंदाला 15 मीटर वेगाने फिरली तर भुशाच्या कणाला स्वतःच्या वजनाच्या सव्वादोनशे पट जोराने बाहेर फेकल्यासारखं होतं. तो भिंतीला घासत बादलीत उतरतो. अगदी बारीक कण तरीही हवेबरोबर निसटतात, पण फिल्टरवरचा भुशाचा भार गेल्याने तो लवकर तुंबत नाही. माझी बादली भरते तेव्हा फिल्टरवर चिमूटभर पूड असते.

टेबल सॉ किंवा जाडी काढायचं प्लेनर मशीन असेल तर मात्र कलेक्टरला पर्याय नाही. तेव्हा घड्यांचा, 1 मायक्रॉनपर्यंत अडवणारा कार्ट्रिज फिल्टर मागा. पाईप आखूड आणि रुंद ठेवा. दोन एचपीची मोटर म्हणजे दीड किलोवॉट, आणि सुरू होताना ती काही क्षण त्याच्या कित्येक पट करंट खेचते. कलेक्टर आणि सॉ एकाच बोर्डावर लावू नका. फिल्टरची कटकटच नको म्हणून पाईप खिडकीबाहेर काढायचा मोह होतो. स्वतंत्र घर असेल तर तो उत्तम मार्ग आहे. सोसायटीत राहत असाल तर खालच्या मजल्यावर पापड कधी वाळत घालतात ते आधी विचारून घ्या.

यंत्र आल्यावर एकदा रात्री दिवे घालवा, पंखा बंद करा आणि यंत्र चालू ठेवून फिल्टरच्या कडेने टॉर्च आडवी धरा. गळती कुठे आहे ते सांध्यासांध्यावर दिसेल. माझ्या यंत्राची निम्मी धूळ कापडातून नव्हे, तर सैल बसलेल्या पट्ट्याखालून येत होती.