महामारीत नुसतं ‘सगळ्यांनी’ म्हणून भागत नाही

साथीत बायकांना काय आणि पुरुषांना काय सांगायचं ते वेगवेगळं सांगावं लागतं, कोविडमध्ये ते राहून गेलं. 21 जून 2021 ला मध्य प्रदेशात कोविडच्या लसीकरणाचं महाअभियान झालं, एका दिवसात साधारण 17 लाख डोस, देशात सगळ्यात जास्त, आणि त्यात आपलं इंदूर पुढे, दोन लाखांच्या वर. तेव्हा जिकडे तिकडे एकच सांगणं होतं की 18 च्या वरच्या सगळ्यांनी टीका, म्हणजे लस, लावून घ्या. पण त्या दिवशीच्या ‘सगळ्यां’मध्ये गर्भवती बायका नव्हत्या. नियमच तसा होता. म्हणजे सासू-सासरे, नवरा, दीर रांगेत उभे राहून लस घेऊन यायचे आणि घरात जिला पोटात बाळ आहे तीच तेवढी बिनालसीची, आणि का ते तिला नीट कोणी सांगितलेलं नाही.

कारण होतं, आणि ते कळलं तर पुढचं सगळं कळतं. 14 जानेवारी 2021 ला, लसीकरण सुरू व्हायच्या दोन दिवस आधी, केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवलं की गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना सध्या लस देऊ नका, कारण लसीच्या चाचण्यांमध्ये त्या नव्हत्याच. आता चाचण्यांमध्ये का नव्हत्या, तर ती गोष्ट फार जुनी आहे. 1950 च्या दशकाच्या शेवटी थॅलिडोमाइड नावाचं औषध गर्भवती बायकांना मळमळीसाठी दिलं गेलं आणि जगभर दहा हजारांच्या वर मुलं हातापायाच्या व्यंगासकट जन्माला आली. त्यानंतर अमेरिकेच्या औषध खात्याने 1977 मध्ये सांगूनच टाकलं की मूल होऊ शकतं अशा वयाच्या बायकांना सुरुवातीच्या चाचण्यांत घेऊ नका. 1993 मध्ये ते बदललं, सरकारी पैशाच्या संशोधनात बायका घेतल्याच पाहिजेत असा कायदा आला, पण गर्भवती बाई अजूनही बहुतेक वेळा बाहेरच राहते. हेतू तिला जपण्याचा असतो. होतं असं की साथ येते तेव्हा तिच्याबद्दल आकडेच हातात नसतात, आणि आकडे नसले की मेसेज देणारा गप्प बसतो.

त्या गप्प बसण्याची किंमत आपल्याकडे मोजली गेलीय. आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने, गर्भवती कोविड पेशंटची राष्ट्रीय नोंदवही ठेवली होती, त्यात पहिल्या लाटेत लक्षणं असलेल्या बायका 14.2 टक्के होत्या, दुसऱ्या लाटेत 28.7 टक्के, आणि मृत्यूचं प्रमाण 0.7 टक्क्यांवरून 5.7 टक्क्यांवर गेलं. हे नोंदवहीतल्या हॉस्पिटलांचे आकडे आहेत, सगळ्या देशाचे नाहीत हे मान्य, पण पहिल्या आणि दुसऱ्या लाटेतला फरक बघा. एप्रिल-मेमध्ये इंदूरमध्ये ऑक्सिजन आणि रेमडेसिविरसाठी काय पळापळ झाली ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पाजणाऱ्या आयांना परवानगी आली 19 मे ला आणि गर्भवतींना 2 जुलै ला, म्हणजे दुसरी लाट ओसरल्यावर.

आणि अधिकृत आवाज गप्प असला तरी जागा रिकामी राहत नाही. एप्रिल 2021 मध्ये एक मेसेज घराघरात फिरला की पाळीच्या पाच दिवस आधी आणि पाच दिवस नंतर लस घेऊ नका, प्रतिकारशक्ती कमी असते. 24 एप्रिलला पीआयबीने, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती खात्याने, ते खोटं असल्याचं जाहीर केलं, चांगलं केलं, पण तोपर्यंत कितीतरी मुलींनी तारखा मोजायला सुरुवात केली होती. विचार करा, अफवेने निदान पाळी हा विषय काढला तरी, सरकारी पोस्टरने तो काढलाच नव्हता. लस घेतल्यावर पाळी पुढे-मागे झाली असं बायका सांगत होत्या तेव्हा त्यांना "टेन्शन घेऊ नका" एवढंच उत्तर मिळायचं, कारण मोठ्या चाचण्यांमध्ये पाळीबद्दल कोणी विचारलंच नव्हतं. ताप आला का, दंड दुखला का, डोकं दुखलं का, हे सगळं विचारलं, हे नाही.

मग जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेत ओरेगॉनच्या अ‍ॅलिसन एडलमन आणि त्यांच्या टीमचा अभ्यास आला, पाळीच्या नोंदी ठेवणाऱ्या एका अ‍ॅपवरच्या 3,959 जणींचा. निघालं काय, तर लसीनंतरचं पाळीचं चक्र सरासरी एक दिवसापेक्षा कमीच लांबलं, रक्तस्राव किती दिवस चालतो त्यात काही फरक नाही, आणि दोन्ही डोस एकाच चक्रात घेतले असतील तर चक्र साधारण दोन दिवसांनी लांबलं. म्हणजे बायका खरं बोलत होत्या आणि बदल छोटा होता, दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या. लसीकरणाच्या पहिल्या दिवशीच "पाळी एखाद-दोन दिवस मागे-पुढे होऊ शकते, घाबरू नका, लस पाळीतही घ्या" एवढं सांगता आलं असतं तर पाच दिवसांच्या त्या अफवेतली हवा तिथेच निघाली असती.

आता पुरुषांचं बघू, कारण इथे उलटी चूक झाली, आकडे हातात असून सांगितलं नाही, आणि तिच्यावर फारसं कोणी बोलत नाही. 2020 मध्ये आरोग्य मंत्रालयाने सांगितलेल्या आकड्यांनुसार भारतात कोविडने गेलेल्यांत 70 टक्क्यांच्या आसपास पुरुष होते. जवळजवळ सगळ्या जगात पुरुषांचे मृत्यू जास्तच होते. याला शरीराची कारणं आहेत. विषाणू आत शिरला की शरीर इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडून धोक्याची घंटा वाजवतं, पण काही लोकांच्या रक्तात या इंटरफेरॉनलाच निकामी करणारी अँटीबॉडी असते, आपलीच आपल्या विरुद्ध. 2020 मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आलेल्या संशोधनात 987 अत्यवस्थ पेशंटपैकी 101 जणांमध्ये ती सापडली आणि त्या 101 पैकी 95 पुरुष होते. दुसरं, विषाणू ओळखणारा टीएलआर7 हा जनुक एक्स क्रोमोसोमवर असतो, पुरुषाकडे एक्स एकच, त्यामुळे तो बिघडला तर बदली कोणी नाही, आणि बायकांच्या काही पेशींमध्ये तर त्याच्या दोन्ही प्रती चालू असतात.

पण सगळं शरीरावर ढकलूनही चालणार नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्व्हेत 42.4 टक्के पुरुष तंबाखू घेणारे निघाले आणि बायका 14.2 टक्के. गुटखा खाऊन थुंकणं, अंगावर काढणं, डॉक्टरकडे शेवटी जाणं, कामासाठी रोज बाहेर पडणं, हे पुरुष म्हणून जगण्याच्या सवयींतून येतं, क्रोमोसोममधून नाही. आणि बायकांची टेस्ट कमी झाली असेल तर त्यांचे मृत्यूही कमी मोजले गेले असतील, ती शक्यता धरूनच हे आकडे वाचायचे. एवढं असूनही "पंचेचाळीसच्या वरच्या पुरुषांनो, तुम्हाला धोका जास्त आहे, शुगर असेल तर ताप आल्या दिवशीच दाखवा" असं पोस्टर मला तरी शहरात कुठे दिसलं नाही. मला हे फार लागतं. आपल्या ओळखीतले किती काका-मामा चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत "साधा व्हायरल आहे" म्हणत घरी बसले.

दुसरीकडे जिथे स्पष्ट बोललं गेलं तिथे फायदाही दिसतो. जून 2021 मध्येच अमेरिकेत फायझर आणि मॉडर्नाच्या लसींवर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याची सूचना छापली गेली. हा त्रास मुख्यतः तरुण मुलग्यांमध्ये, दुसऱ्या डोसनंतर थोड्याच दिवसांत दिसत होता आणि फार विरळा होता. कोणाला, कधी, काय, सगळं सांगितलं, त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलाच्या आईला छातीत दुखण्यावर लक्ष ठेवता आलं आणि साठीच्या आजीला उगाच भीती नाही.

मग शब्द कोणते वापरायचे, यावर इंग्रजी बोलणाऱ्या देशांत मोठा वाद आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने ऑगस्ट 2021 मध्ये गर्भवतींना लस घ्या म्हणताना ‘बाई’ न म्हणता ‘गर्भवती व्यक्ती’ असं लिहिलं, ट्रान्स पुरुष (जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेले पण पुरुष म्हणून जगणारे) आणि इतर लोक सुटू नयेत म्हणून. 2022 मध्ये कॅरलीन ग्रिबल आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी उलट बाजू मांडली की बाळंतपण आणि स्तनपानाच्या माहितीतून ‘बाई’, ‘आई’ हे शब्द काढले तर कमी शिकलेल्या किंवा ती भाषा घरची नसलेल्या बायकांना मेसेज आपल्यासाठी आहे हेच कळत नाही. मला दुसरा मुद्दा इंदूरमध्ये बसून जास्त पटतो, कारण आपल्याकडे घरात मराठी, बाजारात हिंदी आणि सरकारी पत्रक त्याहून वेगळ्या हिंदीत, "गर्भवती एवं धात्री महिलाएं". आमच्या पिढीच्या कितीतरी जणींना धात्री म्हणजे पाजणारी आई हे माहीतच नाही, तिने ते वाचायचं आणि आपण त्यात आहोत हे ओळखायचं कसं.

पण पहिला मुद्दाही खोटा नाही. कोविनवर, म्हणजे लसीच्या सरकारी पोर्टलवर, नाव टाकताना पुरुष, स्त्री आणि अन्य असे तीन पर्याय होते. ‘अन्य’ निवडणाऱ्या माणसाला गर्भाशय आहे का, हार्मोनचे उपचार चालू आहेत का, हे त्या रकान्यातून काहीच कळत नाही, आणि गर्भवती असू शकणाऱ्या ट्रान्स पुरुषाने ‘पुरुष’ निवडलं तर त्याला गर्भारपणाबद्दल विचारायचं कोणाच्या डोक्यात येणार? यासाठी सगळ्या बायकांचा शब्द काढायची गरज नाही, एक ओळ वाढवायची गरज आहे.

पुढच्या साथीत अंगणवाडीच्या भिंतीवर मला हे लिहिलेलं बघायचंय, मराठीत पण आणि साध्या हिंदीत पण: "पोटात बाळ आहे? लसीबद्दल आज आम्हाला एवढं माहीत आहे, एवढं अजून माहीत नाही, पुढची माहिती अमुक तारखेला देऊ. बाळाला अंगावर पाजता? तुमच्यासाठी नियम हा आहे. पाळी चालू आहे? लस घेता येते. तुम्ही बाई म्हणून राहत नसाल पण गर्भ राहू शकत असेल तर हे तुमच्यासाठीही आहे, आत येऊन एकट्यात विचारा." आणि पानाच्या टपरीवर दुसरा कागद, पुरुषांसाठी, त्यांच्या धोक्याचा आकडा घालून.