टोलेडोचे पाणी आणि एरी सरोवरातील शेवाळ

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील टोलेडो शहराने २ ऑगस्ट २०१४ रोजी पहाटे सुमारे चार लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नये, उकळूनही पिऊ नये, असे कळवले. उकळल्याने जंतू मरतात, पण मायक्रोसिस्टिन हे शेवाळातून येणारे, यकृताला घातक असलेले विष टिकून राहते आणि पाण्याची वाफ झाल्याने त्याचे प्रमाण उलट वाढते. शुद्ध केलेल्या पाण्यातच ते लिटरमागे १ मायक्रोग्रॅम या जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेपलीकडे गेले होते. बंदी ४ ऑगस्टला उठली. तिची कारणे मात्र फार जुनी आहेत.

टोलेडोचे पाणी अमेरिका-कॅनडा सीमेवरील एरी सरोवराच्या उथळ पश्चिम भागातून येते. हा भाग उन्हाळ्यात लवकर तापतो आणि मॉमी नदी शेतांतून वाहून आलेला, शेवाळाला खतासारखा पोसणारा फॉस्फरस त्यातच आणून सोडते. या नदीच्या खोऱ्यात पूर्वी ग्रेट ब्लॅक स्वॅम्प ही विस्तीर्ण दलदल होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर खणून आणि जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या घालून तिची सुपीक शेती करण्यात आली, तेव्हा गाळ व क्षार अडवून धरणारी नैसर्गिक व्यवस्थाही नाहीशी झाली.

१९६०च्या दशकात सांडपाणी आणि धुण्याच्या पावडरीतील फॉस्फेटमुळे सरोवर शेवाळाने भरू लागले. १९७२ साली अमेरिका व कॅनडा यांनी केलेल्या करारानंतर सांडपाणी प्रक्रियेवर मोठा खर्च झाला आणि पाणी खरोखरच सुधारले. हे यश कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु १९९०च्या दशकाच्या मध्यापासून नदीतला विरघळलेला फॉस्फरस वाढत गेला. मातीच्या कणांना चिकटलेल्या फॉस्फरसपेक्षा तो शेवाळाला सहज वापरता येतो आणि सांडपाण्याच्या नळावर ठेवलेल्या नियंत्रणाने तो अडत नाही.

येथे फोफावणारे मायक्रोसिस्टिस हे खरे तर शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू आहे. कोमट, संथ पाण्यात ते पेशींतील वायूच्या पोकळ्यांमुळे वर तरंगते आणि वाऱ्याबरोबर किनाऱ्याकडे सरकते. दिवसा त्याच्या प्रकाशसंश्लेषणाने पाण्याचा पीएच (आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) चढतो, त्यामुळे तुरटीने गाळ नीट बसत नाही, गाळण्या लवकर तुंबतात आणि मायक्रोसिस्टिनवर क्लोरीनचा परिणामही मंदावतो. सर्वांत नाजूक बाब पुढेच आहे: विषाचा मोठा भाग जिवंत पेशींच्या आत असतो. कच्च्या पाण्यात सुरुवातीलाच परमँगनेट किंवा क्लोरीन ही शुद्धीकरणाची रसायने घातल्यास पेशी फुटतात आणि विष पाण्यात मिसळते, जे गाळणीत अडकत नाही. म्हणून पेशी अखंड असतानाच निवळून काढाव्या लागतात. विरघळलेल्या विषासाठी सक्रिय कार्बनची पूड वापरली जाते आणि शेवटी पीएच ८च्या खाली ठेवून क्लोरीन दिला जातो.

शुद्धीकरण केंद्राला एवढी कसरत करावी लागते, तेव्हा प्रश्न नदीतच सोडवणे अधिक शहाणपणाचे ठरते. २०१६ मध्ये दोन्ही देशांनी मॉमीतून मार्च ते जुलै या काळात येणारा फॉस्फरस २००८च्या तुलनेत ४० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट स्वीकारले, कारण उन्हाळ्यात शेवाळ किती पसरणार, हे मुख्यतः वसंतातल्या त्या पुरवठ्यावर अवलंबून असते.