जमिनीच्या गारव्यावर घर थंड ठेवायचं असेल तर
(नागपूर परिसरातील ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

विहिरीचं पाणी वैशाखात गार आणि पौषात कोमट लागतं. पाणी तेच असतं, वरची हवा बदलते. जमिनीत आठ-दहा मीटर खाली तापमान वर्षभर जवळपास एकसारखं राहतं. नागपूरकडे ते २७-२८ अंशांच्या आसपास असतं. मे महिन्याच्या दुपारी बाहेर ४५ अंश असताना नेहमीचा एसी घरातली उष्णता त्या तापलेल्या हवेतच ढकलतो. कॉम्प्रेसरला जोर लागतो आणि मीटर पळतो. आमची यंत्रणा तीच उष्णता बोअरमध्ये सोडलेल्या पाइपातल्या पाण्यातून जमिनीत सोडते. हिवाळ्यात उलटं चालवून जमिनीतली ऊब घरात घेता येते, पण इथल्या थंडीत त्याची गरज थोड्याच रात्री पडते.

वज्रेश्वरी किंवा उनपदेवच्या गरम झऱ्यांशी याचा काही संबंध नाही. त्यासाठी तशी जागा लागते, यासाठी साधी जमीन पुरते.

बोअर कशी असते?

पाण्यासाठी येते तीच गाडी, तीच साडेसहा इंची बोअर. वरच्या काळ्या मातीत केसिंग घालतो, कारण ती ढासळते. आत एचडीपीई (टणक प्लास्टिक) पाइपचा यू आकाराचा फेरा सोडतो. त्याचे सांधे उष्णतेनं वितळवून जोडलेले असतात आणि पाइप खाली सोडण्याआधी व नंतर दाबाची चाचणी घेतो. मग उरलेली पोकळी बेंटोनाइट या फुगणाऱ्या मातीच्या मिश्रणानं तळापासून भरतो. हे भरणं कुणी वाचवू पाहत असेल तर त्याला काम देऊ नका: मध्ये हवा राहिली की उष्णता पाषाणापर्यंत पोचतच नाही. घरच्या कोरड्या बोअरबद्दल अनेक जण विचारतात. ती सरळ असेल, ढासळलेली नसेल आणि पूर्ण भरू दिली, तर वापरता येते.

पाणी बंद पाइपातच फिरतं, भूजल उपसलं जात नाही. तरी २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा (सुमारे २०० फूट) खोल विहिरींवर बंधन आहे, म्हणून आम्ही प्रत्येक बोअर त्याच्या आत ठेवतो.

एसीच्या एका टनाइतक्या गारव्याला एकूण साधारण २०० ते ३०० फूट बोअर लागते. शहराच्या पश्चिमेला काळा बेसॉल्ट आहे, पूर्वेला नाइस (पट्टेदार कठीण खडक), कामठीकडे वालुकाश्म. त्यानुसार आकडा बदलतो. तीन टनांच्या घराला चार-पाच बोअर धरा, दोन बोअरमध्ये किमान २० फूट अंतर ठेवून.

हे अंतर आम्ही कमी करत नाही. आपल्याकडे वर्षातले बहुतेक महिने जमिनीत उष्णता फक्त टाकली जाते, परत काढली जात नाही. बोअर दाटीनं किंवा कमी मारल्या तर काही वर्षांत जमीन तापत जाते आणि बिल पुन्हा चढतं. म्हणूनच आम्ही या यंत्रणेला आंघोळीच्या पाण्याची टाकी जोडायचा आग्रह धरतो. जमिनीत जाणारी काही उष्णता पाणी तापवते आणि गीझरची वीजही वाचते.

गार पाणी फरशीखालून फिरवायची पद्धत आम्ही सुचवत नाही. पावसाळ्यात फरशीला पाणी सुटेल. इथे हवेतला दमटपणा काढणारं फॅन-कॉइल युनिटच (गार पाण्याच्या नळ्यांवरून पंख्यानं हवा फिरवणारं) हवं.

कुणी बसवू नये?

एकाच खोलीला गारवा हवा असेल तर साधा इन्व्हर्टर एसी घ्या. मे महिन्यात खसाचा कूलर पुरत असेल तर तोच चालू द्या. कोरड्या हवेत त्याच्याइतकं स्वस्त काही नाही. खर्चाचा मोठा भाग बोअरचा असतो. तो भरून निघायला चार-पाच खोल्या, दिवस-रात्र वापर आणि जुलै-ऑगस्टच्या उकाड्यातही गारवा लागणारं घर हवं. त्याआधी गच्चीला चुना आणि पश्चिमेच्या खिडक्यांना सावली करून घ्या. त्यानं गरज एखाद्या टनानं घटली, तर एक बोअरच वाचते.

पाहणीला येऊ तेव्हा घराचा नकाशा, वर्षभराची वीजबिलं आणि शेजारच्या बोअरला किती फुटांवर पाषाण व पाणी लागलं ही माहिती तयार ठेवा. बांधकाम चालू असेल तर पाया भरतानाच बोलवा. कंपाउंड आणि बाग झाल्यावर बोअरची गाडी आत घेणं फार कठीण जातं.