शब्दांवरची बंदी आणि आवाजावरची बंदी

जुलै २०२१ मध्ये दक्षिण कोरियाच्या सरकारने सोल आणि आसपासच्या जिमना एक अजब नियम लावला. सामूहिक व्यायामाच्या वेळी मिनिटाला १२० ठोक्यांपेक्षा जलद गाणं वाजवायचं नाही. ट्रेडमिलसुद्धा ताशी सहा किलोमीटरच्या वर न्यायची नाही. ‘गंगनम स्टाइल’ पडलं १३२ ठोक्यांचं, म्हणजे बाद. जगभर या नियमाची टिंगल झाली, आणि ती होण्यासारखीच होती. पण गाण्यात काय म्हटलंय याच्याशी त्या नियमाला काडीचंही देणंघेणं नव्हतं. ठेका वाढला की माणूस धापा टाकतो, धापा टाकल्या की तोंडातून जास्त थेंब उडतात, एवढाच सरकारचा हिशोब.

‘आमचा आवाज दाबला’ ही ओरड महामारीच्या काळात अनेकांनी केली. त्यात रॉक गायक होते, पाद्री होते, भक्त होते, सरकारचे टीकाकार होते. ओरड एकच, पण तिच्यामागे दोन निराळ्या बंद्या होत्या. एक शब्दांवरची: अमुक म्हणायचं नाही. दुसरी आवाजावरची: काहीही म्हणा, पण बंद खोलीत, गर्दीत, मोठ्याने नको. ओळखायची रीत सोपी आहे. शब्द बदलून पाहायचे. अभंगाच्या जागी लावणी ठेवली, किंवा सरकारवरच्या टीकेच्या जागी सरकारची आरती ठेवली आणि बंदी तशीच राहिली, तर ती आवाजावरची. शब्द बदलताच बंदी उठत असेल तर ती शब्दांवरची, मग तिला नाव आरोग्याचं दिलेलं असो की आणखी कशाचं.

आवाजाचीच भीती का, हे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात घडलेल्या एका प्रसंगाने जगाला कळलं. १० मार्च २०२० च्या संध्याकाळी माउंट व्हर्नन गावातल्या एका चर्चच्या दालनात स्कॅजिट व्हॅली कोराल या गायनवृंदाची तालीम झाली. वृंद धार्मिक नव्हता, जागा तेवढी चर्चची. ६१ जण आले होते. खुर्च्या एकमेकींपासून सहा ते दहा इंचांवर. अडीच तासांच्या तालमीत मध्ये पंधरा मिनिटांची सुट्टी, त्यात बिस्किटं आणि संत्री. एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. पुढच्या काही दिवसांत त्या एकासह ५३ जण आजारी पडले. त्यातल्या ३३ जणांची चाचणी पॉझिटिव्ह आली, बाकीचे वीस लक्षणांवरून संभाव्य रुग्ण ठरले. दोघांचा मृत्यू झाला. त्या संध्याकाळी त्यांनी कोणती गाणी म्हटली, हे विषाणूच्या दृष्टीने शून्य महत्त्वाचं होतं.

या अनुभवानंतर जुलै २०२० मध्ये कॅलिफोर्नियाने प्रार्थनास्थळांमध्ये गाणं आणि मंत्रोच्चार थांबवायला सांगितलं. त्याच महिन्यात शॉन फॉइट हा गिटार घेऊन भक्तिगीतं गाणारा गायक सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलापाशी गर्दी जमवून गायला लागला. पुढे ‘लेट अस वर्शिप’ या नावाने त्याने शहरोशहरी असे मेळावे भरवले. साज पॉप मैफलीचा, शब्द देवाचे. फॉइटचं म्हणणं, सरकार श्रद्धेचं तोंड बंद करतंय. ऐकायला जोरदार वाटतं. पण कॅलिफोर्नियाने येशूचं नाव घ्यायला मनाई केली नव्हती. घरी बसून, इंटरनेटवरून, वाटेल तितकं गायची मोकळीक होती.

तरीही चर्चची बाजू पोकळ नव्हती, आणि मला या सगळ्या वादातला सगळ्यात रसाळ भाग हाच वाटतो. ५ फेब्रुवारी २०२१ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने साउथ बे पेंटेकोस्टल चर्चच्या अर्जावर आदेश दिला. चर्चमध्ये आत जमण्यावर असलेली सरसकट बंदी उठवली, क्षमतेच्या २५ टक्क्यांची मर्यादा ठेवली. गाण्यावरची बंदीही ठेवली. म्हणजे आत या, बसा, प्रार्थना करा, पण गाऊ नका. न्यायमूर्ती गोर्सच यांना हे पटलं नाही. चर्चमध्ये एकालाही प्रवेश नाही आणि हॉलिवूडला मात्र प्रेक्षक बसवून गाण्याची स्पर्धा चित्रित करता येते, मग कुठेतरी मोठी चूक होते आहे, असा त्यांचा मुद्दा. न्यायमूर्ती बॅरेट जरा सावध होत्या. तीच गायिका स्टुडिओत गाऊ शकते आणि आपल्या चर्चमध्ये नाही, असं असेल तर नियम तटस्थ म्हणता येणार नाही. पण तसं खरंच आहे का, हे समोरच्या कागदांवरून स्पष्ट होत नाही, आणि ते दाखवून देणं चर्चचं काम होतं. विरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्ती केगन यांनी आठवण करून दिली की न्यायाधीश म्हणजे शास्त्रज्ञ नव्हेत.

इथे कुणीही ‘काय गाता’ असं विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की शेजारच्याला मुभा आहे का? आवाजावरच्या बंदीची झडती अशीच घ्यायची असते. शब्दांवरच्या बंदीत पहिला प्रश्न ‘हे बोलायला मनाई का’ हा असतो. आवाजावरच्या बंदीत तो ‘आम्हालाच का’ हा असतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरकारकडे नसेल तर बंदी अन्यायाची ठरू शकते, पण तेवढ्याने ती मुस्कटदाबी होत नाही.

व्हॅन मॉरिसन यांनी हे दोन्ही धागे एकत्र गुंतवून टाकले. बेलफास्टच्या या जुन्या गायकाने सप्टेंबर २०२० मध्ये लॉकडाऊनविरुद्ध तीन गाणी जाहीर केली. गाणी निघाली, वाजली, विकली गेली. डिसेंबरमध्ये त्यांनीच लिहिलेलं त्याच धाटणीचं आणखी एक गाणं एरिक क्लॅप्टन यांनी गायलं. उत्तर आयर्लंडचे आरोग्यमंत्री रॉबिन स्वान यांनी ‘रोलिंग स्टोन’मध्ये लेख लिहून गाण्यांतला संदेश धोकादायक असल्याचं म्हटलं. मंत्र्याने लेख लिहिणं म्हणजे बंदी नव्हे. शब्दाला शब्दाने दिलेलं ते उत्तर होतं. दुसरीकडे उत्तर आयर्लंडमध्ये जिवंत संगीताच्या कार्यक्रमांवर निर्बंध होते आणि ते सगळ्याच कलाकारांना लागू होते. मॉरिसन त्यांच्याविरुद्ध कोर्टात गेले, तो त्यांचा हक्कच. जून २०२१ मध्ये बेलफास्टच्या युरोपा हॉटेलातला त्यांचा कार्यक्रम याच निर्बंधांपायी रद्द झाला, तेव्हा त्यांनी मंचावर जाऊन ‘रॉबिन स्वान फार धोकादायक आहेत’ असा घोषा लावला आणि खासदार इयन पेझली ज्युनियर यांनाही त्यात ओढलं. पुढे मॉरिसन आणि स्वान दोघेही एकमेकांच्या शब्दांवरून कोर्टात गेले. अभिव्यक्तीचा झेंडा खांद्यावर घेतलेला गायक मंत्र्याच्या लेखावरून बदनामीचा दावा लावतो, ही गंमत नजरेआड करवत नाही.

आपल्याकडे हा घोळ राज्यघटनेच्या नुसत्या वाचनानेही बराच सुटतो. अनुच्छेद २५ धर्मस्वातंत्र्य देतो, पण सुरुवातीलाच ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्याच्या अधीन ठेवतो. अनुच्छेद १९ मधलं भाषणस्वातंत्र्य कोणत्या कारणांनी मर्यादित करता येतं, याची यादी १९(२) मध्ये आहे. देशाची सुरक्षितता आहे, न्यायालयाचा अवमान आहे, बदनामी आहे, अगदी परराष्ट्रांशी मैत्रीसुद्धा आहे. आरोग्य नाही. म्हणजे साथीच्या कारणाने मंदिराचं दार बंद करायला घटनेत थेट आधार सापडतो. बोलणाऱ्याचं तोंड बंद करायचं तर सरकारला सुव्यवस्थेसारखं दुसरं कारण शोधावं लागतं.

२०२० च्या आषाढीला पायी वारी झाली नाही. ३० जूनला संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. वारकऱ्यांना याचं दुःख केवढं झालं असेल ते सांगायला नको, पण अभंगाच्या एका ओळीलाही कुणी हात लावला नव्हता. खरी भांडणाची जागा नंतर आली. ५ ऑक्टोबरला राज्यातली हॉटेलं आणि बार उघडले, मंदिरं १६ नोव्हेंबरपर्यंत बंदच. मधल्या काळात राज्यपाल कोश्यारी यांनी मुख्यमंत्री ठाकरे यांना खोचक पत्र लिहिलं, ठाकऱ्यांनी तितकंच खोचक उत्तर दिलं आणि वाद हिंदुत्वाच्या प्रमाणपत्रावर घसरला. मूळ प्रश्न हॉलिवूडच्या स्टुडिओचाच होता: त्यांना मुभा, आम्हाला का नाही? तो सरळ विचारायला हवा होता आणि सरकारने आकड्यांनिशी उत्तर द्यायला हवं होतं.

शब्दांच्या बाबतीत त्या वर्षी आपण बरेच उदारही होतो. फेब्रुवारीत गेटवे ऑफ इंडियाजवळ बौद्ध भिक्खूंसोबतच्या प्रार्थनेत रामदास आठवले यांनी ‘गो कोरोना’चा जप केला. मार्चमध्ये तो व्हिडिओ पसरला, डीजेंनी त्याची रिमिक्स काढली, लोक पोट धरून हसले. प्रार्थनेचं पॉप गाणं झालं. ना जपावर बंदी आली, ना टिंगलीवर.

आणि त्याच वर्षी मे महिन्यात मुंबई पोलिसांनी कलम १४४ खाली एक आदेश काढला. हे कलम तेव्हा एरवी जमावबंदीचं म्हणून आपल्याला माहीत होतं. या आदेशाने मात्र समाजमाध्यमांवरच्या मजकुराला हात घातला. खोटी माहिती, घबराट पसरवणारे संदेश यांच्यासोबत त्यात आणखी एक प्रकार होता: साथ रोखण्यासाठी झटणाऱ्या सरकारी यंत्रणेबद्दल आणि तिच्या कामाबद्दल अविश्वास निर्माण करणारा मजकूर. अफवांचं समजू शकतं. पण अविश्वास? रुग्णालयात खाट मिळत नाही असं खरं लिहिणाऱ्यामुळेही अविश्वास निर्माण होतोच. त्या ओळीत शब्द बदलून पाहा. यंत्रणेवर संशय घेणारा संदेश गुन्हा ठरू शकत होता. तिच्यावर स्तुतिसुमनं उधळणारा संदेश, त्याच फोनवरून, त्याच ग्रुपवर, खुशाल चालला असता.